ग्लोव्हज घालायच्या आधीचे तीन प्रश्न

आता मला कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकतो. अठ्ठावीस वर्षं कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ब्रदर म्हणून काढली आणि त्यातली निम्मी तरी एकाच कामात गेली. लघवीची नळी घालणं. कॅथेटर म्हणा, नळी म्हणा, काहीही म्हणा. साधी नळी कुणीही घालतं. जी जात नाही तिच्यासाठी मला बोलावतात. फोन येतो, "ब्रदर, जरा येताय का? आमच्यानं होईना." त्या वेळी मी नेमका चहाचा कप तोंडाला लावलेला असतो. चहाचं आणि लोकांच्या तुंबलेल्या लघवीचं काय वैर आहे, देव जाणे.

वर जाऊन बघावं तर पेशंट घामानं डबडबलेला, ओटीपोट बेंबीपर्यंत फुगलेलं, बायको दाराशी पदर तोंडात धरून उभी. ट्रेमध्ये दोन-तीन नळ्या वापरून टाकलेल्या. आणि माणूस माझ्याकडं असा बघतो की हा आणि काय नवीन छळ मांडतोय. "पावणं, तुमी तरी हळू करा की," म्हणतात. मी म्हणतो, "हळूच करतो. तेवढंच येतंय मला."

खरंच तेवढंच येतं. यात जादू काही नाही. बधिर करायची जेली कंजूसपणा न करता आत सोडायची, आणि मग थांबायचं. घड्याळाकडं बघून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत माणूस बधिर होतो आणि आपणही जरा ठिकाणावर येतो. नवीन डॉक्टर दहा सेकंद थांबत नाहीत. जेली लावली की घुसले. मग अवयव वर, पोटाच्या दिशेनं ताणून धरायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. नळी अडली की ढकलायचं नाही, तिथंच हलक्या हातानं टेकवून ठेवायची आणि म्हणायचं, "मामा, लांब श्वास घ्या. आता लघवीला बसलाय असं समजा." माणूस सैल सोडतो आणि नळी आपणहून सरकते. नळी शेवटपर्यंत आत गेल्याशिवाय आणि लघवी बाहेर दिसल्याशिवाय, नळी आत अडकवून ठेवणारा टोकाचा फुगा भरायचा नाही. वाटेतच फुगा भरलेले दोन-तीन पेशंट मी बघितलेत. त्यांचं ओरडणं अजून कानात आहे.

पण हे सगळं नंतरचं. माझा नियम आहे, ग्लोव्हज घालायच्या आधी तीन प्रश्न. पूर्वी कधी नळी घातली होती का? तरुणपणी लघवीच्या जागी काही आजार झाला होता का? आणि तिसरा, सायकलच्या दांडीवर, कठड्यावर, बैलगाडीच्या जुवावर, कुठंही दोन पायांच्या मधोमध आदळला होता का?

कारण बाहेरून दोन्ही माणसं सारखीच दिसतात. एकाची प्रोस्टेटची गाठ वाढलेली असते. तिथं बारीक नळी मऊ पडते, वाकते, आतल्या आत गुंडाळते. त्याला उलट जरा जाड, टोकाला वाकडी असलेली नळी घालायची, टोक वर ठेवून; ती गाठीवरून सरकून जाते. दुसऱ्याची वाट जुन्या माराच्या व्रणानं आवळलेली असते. तिथं जाड नळी ढकलली की ती खरी वाट सोडून मांसात नवी वाट पाडते. रक्त येतं, आणि मग पुढच्या माणसाला खरी वाट सापडतच नाही. तिथं बारीक नळी घ्यायची, आणि तीही अडली तर मुकाट हात मागं घेऊन सरांना, म्हणजे आमच्या सर्जनना, बोलवायचं. दोघांत फरक करायला मशीन लागत नाही. तोंड उघडून विचारावं लागतं, बस्स. हे मी किती इंटर्नना शिकवलं असेल याचा हिशेब नाही. शिकवून शिकवून तोंड दुखलं.

आता माझ्या बापाचं सांगतो.

आप्पा गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाकडं राहतात. पंच्याहत्तरी कधीच उलटली. सगळा जन्म दोन म्हशी आणि दुधाच्या कॅनमध्ये गेला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा मुळात कमी बोलणारे, आणि आमच्या घरात बापलेकांनी बोलायचे विषय ठरलेले: पाऊस, म्हशी, ऊस, कुणाचं लग्न. कमरेखालचं काही नाही. मी दिवसभर परक्या बापांची धोतरं-लेंगे सोडतो, पण माझ्या बापाला मी कधी बनियनशिवाय बघितलेलं नाही. त्यांनाही माझं काम नक्की काय हे माहीत होतं, पण गावात सांगताना ते म्हणायचे, "थोरला दवाखान्यात हाय." दवाखान्यात काय करतो, ते कुणी विचारलं तर म्हणायचे, "लई काम असतंय."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी वॉर्डात राऊंडला होतो आणि भावाचा फोन आला. "दादा, आप्पास्नी कालधरनं लघवी होईना झालीया. सांगितलं न्हाई त्येनी कुणाला. आज सकाळी पोट धरून बसले तवा कळलं. गडहिंग्लजच्या दवाखान्यात आणलंय." मग त्यानं फोन तिथल्या डॉक्टरकडं दिला. आवाज ओळखीचा. हा आमच्याच वॉर्डात इंटर्न होता, माझ्याकडंच नळी घालायला शिकलेला. चांगला पोरगा. म्हणाला, "ब्रदर, सोळा नंबरची नळी जात नाहीये. मी थांबलोय. पुढं ढकललं नाही."

"शाब्बास," मी म्हणालो.

"वडिलांना पूर्वी काही मार, काही आजार? म्हणजे तुम्ही ते तीन प्रश्न विचारायला सांगता ना. विचारू का त्यांना?"

इथं मी माती खाल्ली. एका हातात फोन, समोर ड्रेसिंगला वाट बघणारे चार पेशंट, कानात सिस्टरची हाक. पण ती सगळी सबब झाली. खरं कारण वेगळंच. हा पोरगा माझ्या बापाला, माझ्या भावासमोर, ते सगळं विचारणार, 'तरुणपणी काही आजार' वगैरे, याचीच मला लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "त्यांना काय विचारायचं नाही. मला माहितीय सगळं. तसलं काही नाही. वय झालंय, प्रोस्टेट असणार. जरा जाड, अठरा नंबरची घ्या, जेली भरपूर सोडा. जाईल."

मला माहितीय सगळं! काय माहिती होतं? मला त्यांच्या चपलेचा नंबर माहीत नव्हता.

दहा मिनिटांत परत फोन. पोरगा रडायच्या बेताला आलेला. "ब्रदर, रक्त आलं. बरंच आलं. नळी आत गेल्यासारखी वाटली, पण लघवी नाही."

"फुगा भरला का?"

"नाही."

"हात काढा. आता काहीही करू नका. मऊ कापड लावा आणि गाडीत घालून इकडं पाठवा."

फोन ठेवला. भिंतीला टेकून उभा राहिलो. सिस्टर म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणालो, "माझा बाप येतोय."

गडहिंग्लजहून कोल्हापूरला यायला जीपला दोन तास लागतात, त्यात रस्त्याचं काम चालू. एका खड्ड्यागणिक त्या फुगलेल्या पोटात काय होत असेल ते मला जितकं कळतं तितकं कुणाला कळत असेल? दोन तास मी दर दहा मिनिटांनी भावाला फोन करत होतो आणि तो दर वेळी एकच सांगत होता, "गप बसल्यात. कायबी बोलंनात."

दुपारी ते आले. स्ट्रेचरवर आप्पा, तोंड पांढरंफटक, डोक्यावरची टोपी मात्र जागेवर. सर थिएटरमध्ये होते, मोठं ऑपरेशन चालू, तासभर तरी बाहेर येणार नव्हते. मी सवयीनं ट्रे लावला आणि पडद्याच्या आत गेलो. आप्पांनी डोळे उघडले, ट्रेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू न्हाय," ते म्हणाले.

"आप्पा, फक्त बघतो. मी रोजच बघतो हे."

"रोज बघत असशील. मला न्हाय बघायचं. दुसरा कुणीतरी बोलव." आणि दोन्ही हातांनी धोतराची गाठ धरून ठेवली. त्या दुखण्यातसुद्धा केवढा जोर होता त्या मुठीत.

माझा जोडीदार ब्रदर कबनूरचा आहे. मुसलमान, घरात सगळे यंत्रमागावर, हा एकटाच आमच्या लायनीत आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माझ्या हाताखाली तयार झाला आणि आता खरं तर माझ्यापेक्षा हलक्या हाताचा आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "दादा, तुमी बाहेर थांबा," आणि पडदा ओढला. मी पडद्याबाहेर उभा राहिलो. लोकांचे नातेवाईक उभे राहतात तसाच, तिथंच.

आतून त्याचा आवाज आला. "आप्पा, मी काय हात लावत न्हाई अजून. आधी तीनच गोष्टी विचारतो, मग बघू. घाई काय न्हाई." माझीच वाक्यं. माझ्याच क्रमानं. "आधी कवा नळी घातलीती काय?" न्हाय. "तरुणपणी तिथं कायतरी आजार?" न्हाय. "बरं, कवा सायकलच्या दांडीवर-बिंडीवर पडलासा काय, दोन पायांच्या मधी?"

स्ट्रेचर जरा करकरलं.

"व्हय की," आप्पा म्हणाले. "दुधाचं कॅन घिऊन जाताना. लई वर्सं झाली."

"मग?"

"मग काय. चार दिस लाल लघवी झाली. ऱ्हायली आपली आपण. तवाधरनं धार बारीकच हाय."

"आणि कुणाला दाखवलं न्हाईसा?"

"कुणाला दाखवायचं?"

पडदा धरून मी उभा होतो आणि मला ती सायकल दिसली. मला म्हणजे काय, मी त्या सायकलवर होतो! नऊ वर्षांचा. मागं दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले, म्हणून मी पुढं दांडीवर बसलेला. डेअरीच्या उतारावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं. आप्पांनी एक हात सोडून मला पोटाशी आवळलं, त्यांचे पाय पेडलवरून सुटले आणि ते माझ्या मागं दांडीवर आदळले. सायकल आडवी झाली. मला खरचटलंसुद्धा नाही. कॅन उघडून सगळं दूध रस्त्यावर, आणि मी त्या दुधासाठी भोकाड पसरलं. आप्पा कडेला दगडावर बसले होते. बराच वेळ बसले होते. मी म्हणत होतो, "आप्पा, चला की, चला की." हे सगळं मला इतकी वर्षं पाठ होतं. कट्ट्यावर बसून मित्रांना हसत हसत सांगितलंय मी, दूध सांडल्याची गोष्ट म्हणून. त्यात आप्पा का बसून राहिले, हा प्रश्न मला कधी पडला नाही. जिल्हाभरच्या माणसांना सायकलची दांडी विचारत फिरलो, आणि ही एक दांडी माझ्या बुडाखाली होती.

कबनूरकर बाहेर आला. मी सगळं ऐकलंय हे त्याला कळलं होतं. म्हणाला, "खालनं आता कुणीच घालायची न्हाई दादा. सरांची वाट बघू." बरोबर होतं. एकदा चुकीची वाट पडली की खालून प्रयत्न म्हणजे नुसता खेळखंडोबा. सर थिएटरमधून आले ते कपडेही न बदलता. जागा बधिर करून त्यांनी ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी टाकली. पडद्याखालून दिसणारी पिशवी भरायला लागली, पहिल्यांदा लालसर, मग पिवळी. आप्पांनी एवढा मोठा श्वास सोडला की पडद्याबाहेर मला ऐकू आला. दीड दिवस तुंबून किडन्यांनाही मार बसला होता. आठवडाभर रक्ताचे रिपोर्ट रोज मीच लॅबमध्ये जाऊन आणायचो. उतरले हळूहळू आकडे. वाचले.

पण वाट काही परत नीट झाली नाही. व्रण काढायचं ऑपरेशन असतं, पण भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, हृदय पेलणार नाही. म्हणजे पोटातली नळी कायमची. कमरेला पिशवी, आणि नळी दर महिन्याला बदलायची. मी सरांना एकदा विचारलं, "सर, पहिल्यांदाच बारीक नळी घातली असती तर?" सर भले माणूस. म्हणाले, "गेली असती, नसती, काय सांगता येतं?" हे मीच लोकांच्या नातेवाइकांना इतक्या वेळा म्हटलंय की त्यात किती दम असतो ते मला माहीत आहे. चूक माझी होती. त्या डॉक्टर पोरालाही मी फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. तो रडला. मी रडलो नाही, मला तेवढंही त्राण नव्हतं.

नळी बदलायला दर महिन्याला गावी कोण जाणार? मीच. आता पोटावरची नळी, म्हणून आप्पांनी आडकाठी केली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळची एस.टी. धरायची, सामान पिशवीत, गुडघे दुखत, मान दुखत. गेलं की आप्पा खाटेवर आडवे होतात आणि चेहऱ्यावर टॉवेल टाकतात. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून नळी बदलतो, कारण माझा हात उजवा. सुरुवातीला काम झालं की त्यांच्या डाव्या बाजूच्या लोखंडी पेटीवर बसायचो, कारण त्या खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं. तिथं बसून सांगायचो, पाणी भरपूर प्या, पिशवी वर उचलू नका, ताप आला तर लगेच कळवा. आणि आप्पा काहीच बोलायचे नाहीत. टॉवेल बाजूला सारून छताकडं बघत पडून राहायचे.

पहिल्या महिन्यात म्हटलं, थकलेत. दुसऱ्या महिन्यात मी पेटीवर बसून म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं. मी त्या डॉक्टरला विचारू दिलं न्हाई." केवढं बळ गोळा करून म्हणालो असेन. आप्पांनी कूस बदलली, पाठ माझ्याकडं केली. मी गप उठून एस.टी. धरली. भाऊ म्हणाला, "हल्ली घुम्म बसत्यात जरा." घुम्म काय, मला समजत होतं ना. रागावलेत. आणि का रागावू नयेत? गडहिंग्लज ते कोल्हापूर सगळ्या रस्ताभर खिडकीला डोकं टेकून बसलो. नोकरी सोडावी असं पहिल्यांदा मनापासून वाटलं.

तिसऱ्या महिन्यात गेलो. आप्पा आडवे झाले, टॉवेल चेहऱ्यावर घेतला. मी उजव्या बाजूला उभा, ग्लोव्हजचं पाकीट हातात, अजून फोडलेलं नव्हतं. काय झालं कुणास ठाऊक, थांबलो.

"आप्पा," मी म्हणालो, "सायकलवरनं पडलो तवा तुमाला लागलं, ते सांगायचं न्हाई काय?"

टॉवेलखालून आवाज आला. "तू नऊ वर्सांचा हुतास की रं."

"मग मोठा झाल्यावर तरी?"

"मोठा झाल्यावर तू कवा इचारलंस?"

मी म्हणालो, "आता विचारतो. अजून काय काय सांगायचं ऱ्हायलंय?"

आप्पांनी टॉवेल जरासा खाली घेतला. डोळे तेवढे बाहेर. माझी थट्टा चालवलीय की काय हे बघून घेतलं. मग सांगायला लागले, जनावराच्या बाजारात खोडी सांगतात तसं, एकेक. उजवा गुडघा उतरताना निसटतो. रात्री पायाला पेटके येतात. वरची दाढ एका बाजूची दुखते, म्हणून भाकरी भिजवून खातात.

"आनि डाव्या कानानं ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "पाच-सा वर्सं झाली आसतील."

मी पलीकडच्या, त्यांच्या डाव्या बाजूच्या पेटीकडं बघितलं. ग्लोव्हजचं पाकीट खाटेवर ठेवलं, फिरून पलीकडं गेलो, ती जड पेटी ओढत ओढत त्यांच्या उजव्या बाजूला आणली आणि बसलो.

"आप्पा," म्हणालो, "माझं चुकलं."